व्यापारी करार, उधारी आणि दावे : खान्देशातील व्यापारी व उद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील व्यापारी, कारखानदार आणि शेतकरी आमच्या वकिली कार्यालयात जे प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. केळी, कापूस, डाळ, मिरची, चटई, पाइप, सूत असा माल कोणताही असो, वादाचे मूळ बहुतेक वेळा सारखेच आढळते. सौदा विश्वासावर होतो, वसुली भिडेपोटी लांबते आणि वकिलाकडे येईपर्यंत हाती पुरावा उरलेला नसतो किंवा मुदत तरी संपलेली असते. येथील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या प्रकरणातील कागद पाहिल्याशिवाय कोणताही वकील पक्के मत देऊ शकणार नाही.

आमचा सौदा तोंडी झाला होता, काहीच लिहून घेतले नव्हते. तो कायद्याने बंधनकारक आहे का?

होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार सज्ञान आणि सक्षम व्यक्तींनी मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर हेतूने केलेला करार बंधनकारक असतो. मालाच्या खरेदी-विक्रीचा करार लेखीच हवा अशी सक्ती माल विक्री अधिनियम, १९३० मध्येही नाही. त्यामुळे फोनवर ठरलेला भाव हासुद्धा करारच होय.

अडचण येते ती सिद्ध करण्याची. रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे उदाहरण घ्या. भाव बोर्डाप्रमाणे, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या केळीच्या दराप्रमाणे ठरला, त्यावर किती फरक द्यायचा हे बांधावर उभ्या उभ्या बोलणे झाले, कापणीचा दिवस ठरला आणि गाडी भरून गेली. आठ दिवसांनी व्यापारी म्हणतो की फरक ठरलाच नव्हता आणि घडही हलके निघाले. अशा वेळी न्यायालय विचारते की भाव ठरल्याचा पुरावा काय, वजन कोणी केले आणि गाडी कोणी ताब्यात घेतली. काटा पावती, गाडीचा क्रमांक, बिल्टी (वाहतूकदाराची पावती) आणि गाडी भरली त्याच दिवशी पाठवलेला दोन ओळींचा संदेश एवढे हाती असले, तरी तोंडी सौदा बऱ्यापैकी उभा राहतो. म्हणून आम्ही शेतकऱ्यांना आग्रहाने सांगतो की गाडी शेतातून निघण्यापूर्वी व्यापाऱ्याच्या क्रमांकावर भाव, फरक, वजन आणि पैसे देण्याची तारीख लिहून पाठवा आणि त्यावर त्याचे ‘हो’ येऊ द्या. कापलेली केळी परत झाडाला लावता येत नाही, त्यामुळे या व्यवहारात शेतकऱ्याची बाजू मुळातच नाजूक असते.

बिले, चलने, खातेवही आणि व्हॉट्सअॅपवरील संदेश यांतले न्यायालयात काय चालते?

सगळेच चालते, मात्र प्रत्येकाचे वजन वेगळे असते. एक चटई-उत्पादक आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत महिन्यानुसार रबर लावून ठेवलेली बिले होती. बिले नीटनेटकी होती, परंतु ती त्यांनी स्वतःच तयार केलेली होती. पोच म्हणून जोडलेल्या चलनांवर खरेदीदाराकडील कोणाची तरी वेडीवाकडी सही होती. तिच्याखाली नाव, हुद्दा, शिक्का यांपैकी काहीच नव्हते. संपूर्ण गठ्ठ्यात केवळ एका चलनावर खरेदीदाराच्या गेटवरील आवक नोंदीचा क्रमांक आणि गोल शिक्का सापडला. बाकीच्या सह्याही त्याच हाताच्या आहेत हे त्या एका चलनाच्या आधारे दाखवता आले. प्रत्येक चलनावर शिक्का घेण्याची सवय असती, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता.

खातेवहीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य असतात, परंतु केवळ त्या नोंदींच्या बळावर समोरच्यावर देण्याची जबाबदारी लादता येत नाही. नोंदीला चलन, बिल्टी, ई-वे बिल (माल वाहतुकीचे ऑनलाइन जीएसटी बिल) किंवा साक्षीदार यांचा आधार लागतो. येथे जीएसटीची कागदपत्रे फार उपयोगी पडतात. माल मिळालाच नाही असे म्हणणाऱ्या खरेदीदाराने त्याच बिलावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेले असेल, तर त्याच्या नकाराला फारसा अर्थ उरत नाही, कारण माल मिळाल्याशिवाय ते क्रेडिट घेताच येत नाही. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. नोटिशीत या बाबीचा उल्लेख केला की कित्येक वेळा उत्तराचा सूर बदलतो.

व्हॉट्सअॅपवरील संदेश, ईमेल आणि संगणकावरील खाते उतारा यांना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ‘सोमवारी पैसे टाकतो’ हा संदेश मोलाचा असतो, पण तो ज्या फोनवर आला तो फोन जपून ठेवा. फोन बदलताना जुने संवाद पुसले गेले आणि हाती फक्त छायाचित्रे राहिली, की त्या पुराव्यावर हरकत घेणे समोरच्याला सोपे जाते.

उधारीसाठी किती वर्षांत दावा लावता येतो?

तीन वर्षांत. हे उत्तर लहान असले तरी, आमच्या अनुभवात खान्देशातील व्यापाऱ्यांचे सर्वाधिक पैसे याच एका मुद्द्यावर बुडतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

मुदत अधिनियम, १९६३ नुसार उधारीचा कालावधी ठरलेला नसेल, तर माल पोहोचवल्याच्या तारखेपासून तीन वर्षे मोजली जातात. कालावधी ठरलेला असेल, उदाहरणार्थ ६० दिवसांची उधारी असेल, तर ते ६० दिवस संपल्यापासून तीन वर्षे धरली जातात. प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. ‘आमचे चालू खाते आहे, त्यामुळे शेवटच्या व्यवहारापासून मुदत मोजायची’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. अधिनियमातील चालू खात्याची तरतूद परस्पर देणीघेणी असलेल्या खात्यांसाठी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून स्वतंत्रपणे येणे निर्माण होत असेल, तर ती लागू पडते. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने अधूनमधून पैसे भरायचे, एवढ्याने ते खाते परस्पर होत नाही.

मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मुदत संपण्यापूर्वीच वापरावे लागतात. पहिला मार्ग म्हणजे लेखी कबुली. देणेकऱ्याने सही करून देणे मान्य केले, तर त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी खाते उतारा पाठवून त्यावर ‘बाकी मान्य’ अशी सही, शिक्का आणि तारीख घेण्याची पद्धत यासाठीच आहे. दुसरा मार्ग म्हणजे अंशतः भरणा. मात्र त्या भरण्याची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. त्याने सही केलेला वटलेला चेक त्यासाठी चालतो. रोख किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमेबाबत वाद उपस्थित होऊ शकतो, म्हणून अशी रक्कम आल्यावर ती कोणत्या बाकीपोटी आहे हे देणेकऱ्याकडून लिहून घ्यावे.

मुदत उलटून गेल्यावर साधी कबुली पुरत नाही. करार अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे जुने देणे फेडण्याचे स्पष्ट, लेखी आणि सही केलेले वचन घ्यावे लागते, आणि पैसे बुडवायला निघालेला मनुष्य असे वचन क्वचितच लिहून देतो.

कापूस विकला की देतो, लग्नसराई होऊ द्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) हिशेब करू, असे म्हणता म्हणता तीन आखाज्या निघून जातात. मागणाऱ्याला वाईटपणा नको असतो, कारण समोरचा बहुधा नात्यातला किंवा वडिलांच्या काळापासूनचा गिऱ्हाईक असतो. ही भीड आम्हाला समजते आणि तिच्यामागची माणुसकीही आम्ही जाणतो. परंतु बाकी मान्य असल्याची सही मागणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे. ज्याची दानत साफ आहे, तो ती सही देतो.

माल पोहोचल्यावर खरेदीदार म्हणतो की दर्जा ठरल्याप्रमाणे नाही आणि पैसे कापतो. तसे करता येते का?

हे त्याने माल स्वीकारला आहे की नाही यावर अवलंबून आहे. खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. ठरलेला दर्जा नसेल, तर तो माल नाकारू शकतो. परंतु त्याने माल स्वीकारल्याचे कळवले, तो पुढे विकला किंवा वाजवी काळ उलटूनही नाकारत असल्याचे कळवले नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. त्यानंतर माल परत करण्याचा हक्क साधारणतः राहत नाही, फक्त दर्जातील उणिवेपोटी नुकसानभरपाई मागता येते किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा मागता येते. ती उणीव त्यालाच सिद्ध करावी लागते.

नंदुरबारच्या मिरचीत हा वाद ओलाव्यावरून होतो. पथारीवर वाळवलेली मिरची गाडीत भरताना कोरडी होती की वाटेत तिने ओल धरली, हे महिनाभराने कोणीही सांगू शकत नाही. म्हणून गाडी भरतानाच दोन्ही पक्षांसमोर नमुने काढून सीलबंद करावेत आणि ओलाव्याची टक्केवारी किती चालेल हे सौद्यातच लिहावे.

भाव पडल्यावर खरेदीदाराने माल उचलला नाही. नुकसानभरपाई किती मिळेल?

करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार, करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेले किंवा करार करतेवेळी दोघांनाही अपेक्षित असलेले नुकसान मिळते. दूरचे आणि अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. समजा, १०० क्विंटल तूर ९,००० रुपये क्विंटलने विकण्याचा सौदा होता आणि करारभंगाच्या दिवशी बाजारभाव ८,२०० रुपये होता. अशा वेळी मूळ नुकसान क्विंटलमागे ८०० रुपये, म्हणजे एकूण ८०,००० रुपये धरले जाईल. विक्रेत्याने माल तसाच पडू देऊन पुढे भाव ६,५०० रुपयांवर आल्यावर सगळा फरक मागितला, तर तो मिळणार नाही, कारण आपले नुकसान कमी ठेवण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे नुकसान झालेल्या पक्षावरही बंधनकारक असते. त्या तारखेचा बाजार समितीतील भाव लगेच मिळवून ठेवावा आणि माल दुसऱ्याला विकण्यापूर्वी पहिल्या खरेदीदाराला लेखी कळवावे.

करारात दंडाची ठरावीक रक्कम लिहिलेली असेल, तरी कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. लिहिलेली संपूर्ण रक्कम मिळेलच असे नाही.

बिलावर २४ टक्के व्याज छापलेले आहे. ते मिळते का?

खरेदीदाराने तो दर मान्य केल्याचे दिसत असेल, तर दावा करता येतो. एकतर्फी छापलेल्या ओळीवर वाद होतो आणि न्यायालय दर कमीही करू शकते. खरेदी आदेशावर किंवा वर्षाच्या सुरुवातीच्या करारावर व्याजाच्या कलमाखाली सही घेणे हा यावरचा साधा उपाय आहे.

खरेदीदार सुरतेचा किंवा इंदूरचा आहे. दावा जळगावात लावता येईल का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जेथे घडले तेथे दावा लावता येतो. सौदा जळगावात मान्य झाला, माल जळगावात ताब्यात दिला किंवा पैसे जळगावात द्यायचे होते, यांपैकी काही सिद्ध झाले तर जळगावचे न्यायालय चालते. दोन न्यायालयांना अधिकार असताना करारात एकच न्यायालय निवडता येते. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला मात्र करारानेही तो देता येत नाही. ‘वाद जळगाव न्यायालयाच्या अधीन’ ही बिलाखालची ओळ सौद्याच्या कागदावरही आणि समोरच्याच्या सहीच्या वरच असू द्या.

व्यापारी दावा लावण्यापूर्वी मध्यस्थी करावीच लागते, हे खरे आहे का?

वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ खाली येणारा वाद असेल आणि त्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर होय. ही मर्यादा पूर्वी १ कोटी होती, २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. त्यामुळे आपल्याकडील मध्यम आकाराचे बहुतेक व्यापारी वाद आता या अधिनियमाखाली येतात. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल, तर कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थीसाठी अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये ही अट अनिवार्य ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून तिचे पालन न करता दाखल झालेला दावा फेटाळण्यास पात्र ठरतो.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे १,००० रुपये शुल्कासह करायचा असतो. प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण व्हावी लागते आणि दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात. मध्यस्थीत गेलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. समोरचा आलाच नाही, तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचा रस्ता मोकळा होतो. तडजोड झाली, तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ असते. ही पायरी केवळ उपचार म्हणून उरकू नये असे आमचे मनापासूनचे सांगणे आहे. ज्यांना पुढेही एकाच बाजारपेठेत वावरायचे आहे, त्यांनी बंद खोलीत हिशेब मिटवण्याची ही संधी खरोखर वापरावी.

चेक परत आला. आता काय करावे?

दिवस मोजायला लागावे. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरलेला असावा. तो न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एक महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करावी लागते. तक्रार उशिरा झाल्यास सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते, नोटिशीचे ३० दिवस मात्र वाढवून मिळत नाहीत. आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात तक्रार चालते, त्यामुळे बाहेरगावच्या देणेकऱ्यालाही येथे यावे लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी आहे. आरोपीने गुन्हा नाकारल्यास न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश करू शकते.

‘तो चेक केवळ तारण म्हणून कोरा दिला होता’ हा बचाव नेहमी घेतला जातो. सही मान्य असेल, तर चेक देणे असलेल्या रकमेपोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढणे चेक देणाऱ्यावर येते. म्हणून कोरा चेक देण्याची सवय सोडावी, हे आम्ही देणाऱ्यांनाही तितक्याच कळकळीने सांगतो.

आमचा लहान कारखाना आहे. मोठी कंपनी सहा-सहा महिने पैसे देत नाही. काही वेगळा उपाय आहे का?

आहे, आणि तो प्रभावी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. काहीच ठरले नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस मिळतात. मालाविषयीची हरकतही १५ दिवसांत लेखी घ्यावी लागते, अन्यथा माल स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. अशा थकीत रकमांसाठी या अधिनियमाखाली असलेल्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे असल्यास खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

मात्र उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) माल पुरवण्यापूर्वीची असली पाहिजे. वाद झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू होत नाही. दुसरे असे की निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळत असली, तरी ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे. डाळमिल, जिनिंग किंवा चटईचा कारखाना या तरतुदीचा लाभ घेऊ शकतो, केवळ व्यापार करणारी पेढी घेऊ शकत नाही.

आमची भागीदारी पेढी नोंदणीकृत नाही. दावा लावता येईल का?

करारावर आधारित हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध लावता येत नाही. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ चा हा अडसर आहे. दाव्याच्या तारखेला पेढी नोंदणीकृत असावी लागते आणि दावा करणाऱ्या भागीदारांची नावेही नोंदवहीत असावी लागतात. वडील वारले, मुलगा भागीदार झाला आणि बदल कळवलाच नाही, अशी प्रकरणे आमच्याकडे सतत येतात.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली तर पैसे लवकर मिळतील का?

हा सल्ला बाजारात फार मिळतो आणि आम्ही तो देत नाही. केवळ पैसे न देणे किंवा करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. सौदा करतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते, आणि दिवाणी वादाला फौजदारी रूप देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नापसंती व्यक्त केली आहे. खोटा पत्ता, बनावट जीएसटी क्रमांक, एकाच वेळी अनेकांकडून माल उचलून गाळा बंद करून पसार होणे अशा गोष्टी असतील, तर तक्रार अवश्य द्यावी. एरवी तक्रार रद्द करण्यासाठी समोरचा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातो, तेथे वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि इकडे दिवाणी दाव्याची मुदत सरत राहते.

आमच्यावरच वाणिज्यिक दाव्याचे समन्स आले आहे. किती वेळ आहे?

लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कारण दाखवून आणि न्यायालय ठरवील तो खर्च भरून समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत ती घेतली जाते. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो आणि न्यायालयालाही ती मुदत वाढवता येत नाही. आपल्याकडील सर्व कागदपत्रेही कैफियतीसोबतच द्यावी लागतात. साध्या दिवाणी दाव्यातील तारखांच्या सवयीवर येथे विसंबू नये.

हुकूमनामा मिळाला, पण पैसे मिळाले नाहीत. पुढे काय?

दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या (दाव्यातील निकालाच्या आदेशाच्या) अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. बँक खाते, माल, यंत्रसामग्री, स्थावर मालमत्ता आणि देणेकऱ्याचे इतरांकडील येणे यांवर जप्ती आणता येते. मालमत्ता सुरतेत असेल, तर हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. दरखास्तीत सर्वांत अवघड काम असते ते देणेकऱ्याच्या नावावर काय आहे हे शोधण्याचे, कारण दावा चालू असताना गोदाम भावाच्या आणि शेत पत्नीच्या नावावर गेलेले असते. देणेकरी मालमत्ता हलवत असल्याची ठोस माहिती असेल, तर दावा चालू असतानाच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ प्रमाणे निकालपूर्व जप्ती मागता येते. त्यासाठी नुसता संशय पुरत नाही. विक्रीची जाहिरात, नोंदणी कार्यालयातील शोध, सातबाऱ्यावरील ताजा फेरफार असे काही दाखवावे लागते. म्हणून दावा लावण्याच्या आठवड्यातच देणेकऱ्याचे सातबारा उतारे, मिळकत पत्रिका आणि त्याने पूर्वी दिलेल्या चेकवरील बँक खात्याचे तपशील गोळा करून त्या तारखेसह फाइलला लावून ठेवावेत.